कंत्राटी काम आणि बरोबरीचे नाते

(कंत्राटी कामगार, तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि मानधनावर काम करणारे कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, काही भाग गाळून.)



कंत्राटावर काम करणाऱ्याने कामाच्या जागी चांगले संबंध कसे जोडावेत, हा विषय संयोजकांनी मला दिला तेव्हा मी प्रथम थोडे आढेवेढे घेतले. या विषयावर हल्ली व्याख्यानांना तोटा नाही. हसतमुख राहा, वरिष्ठांच्या कलाने घ्या, तक्रारीचा सूर लावू नका, म्हणजे पुढचे कंत्राट तुम्हालाच मिळेल, असा उपदेश करणारे व्यवसायिक वक्ते गावोगाव फिरत असतात. ज्याच्या हातात उद्याची शाश्वती नाही त्याला आज गोड बोलावयास शिकविणे हा शहाणपणाचा नव्हे, सोयीचा सल्ला आहे, आणि सोय कोणाची हे सांगण्याची गरज नाही.

परंतु थोडा विचार केल्यावर मला असे वाटले, की प्रश्न टाळण्यासारखा नाही. कंत्राटी कामगाराचा दिवस माणसांतच जातो. शेजारच्या टेबलावर कायम नोकरीतला सहकारी बसतो, समोर साहेब असतो, मध्ये ठेकेदाराचा मुकादम असतो, आणि आपल्यासारखेच आणखी दहाजण मार्च महिन्याकडे डोळे लावून बसलेले असतात. या चौघांशी आपले नाते कसे असावे, हा रोजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपण दिले नाही तर ते देणारे दुसरे तयार आहेतच. म्हणून माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. कामाच्या जागचे चांगले नाते म्हणजे बरोबरीचे नाते. ते मर्जीवर उभे राहत नाही. स्पष्ट लेखी व्यवहार, कामातील सच्चेपणा आणि एकमेकांसाठी उभे राहण्याची तयारी, या तीन गोष्टींवर ते उभे राहते. यांतली एक काढून घेतली की उरते ती एक तर लाचारी, नाही तर भांडण.

या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. तेव्हा आधी माझा एक अपराध सांगतो. मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो आणि अखेरची काही वर्षे विभागप्रमुख होतो. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक अध्यापिका होत्या. विषयाची जाण उत्तम, मुलांत आदर मोठा. तासाच्या हिशेबाने मानधन, सुट्टीत काही नाही, आणि जे असे तेही कित्येक महिने उशिरा येई. त्या नेहमी घरून थर्मासमध्ये चहा आणीत आणि खिडकीजवळ बसून एकट्याच घेत. मला वाटे, त्यांना आमच्या प्राध्यापककक्षातला चहा आवडत नसावा. दोन वर्षांनंतर एकदा शिपायाने सहज सांगितले, “सर, बाईंचं नाव चहाच्या वर्गणीत नाही.” वर्गणी फक्त कायम प्राध्यापकांची होती. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते आणि घ्या असेही कोणी म्हटले नव्हते. शोषणावर वर्गात तासन् तास बोलणारा मी, दोन वर्षे तो थर्मास पाहत होतो. त्यांच्याशी माझे संबंध “चांगले” होते. मी त्यांच्याशी कधी उंच स्वरात बोललो नव्हतो. पण ते नाते बरोबरीचे नव्हते, आणि हे समजावयास मला शिपायाची मदत लागली.

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. अर्थशास्त्राला एक गोष्ट फार उशिरा उमगली. ती अशी, की कामाचा कोणताही करार पूर्ण असू शकत नाही. कोळशाचा भाव, वजन, पोचविण्याची तारीख कागदावर लिहिता येते. माणसाच्या कामाचे तसे होत नाही. रोनाल्ड कोझ यांनी १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता. बाजारात सारेच विकत मिळत असेल तर कारखाने, कचेऱ्या, संस्था मुळात असतातच कशासाठी? त्यांचे उत्तर असे, की प्रत्येक कामासाठी रोज नवा सौदा करणे महाग पडते. म्हणून मालक कामगाराला नोकरीवर ठेवतो, आणि मर्यादेत राहून काय करावयाचे ते रोजच्या रोज सांगतो. म्हणजे नोकरीच्या करारात जाणूनबुजून एक मोकळी जागा ठेवलेली असते. ती जागा शब्दांनी भरलेली नसते, नात्याने भरलेली असते.

त्या मोकळ्या जागेत काय घडते, याचे एक उदाहरण जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९८२ मधल्या आपल्या निबंधात घेतले आहे. उदाहरण अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कचेरीचे आहे, आणि मूळ निरीक्षण समाजशास्त्रज्ञ जॉर्ज होमन्स यांचे. ग्राहकांनी भरलेल्या पैशांच्या नोंदी करणाऱ्या काही तरुण मुली तेथे काम करीत. कंपनीने ताशी ३०० नोंदींचे प्रमाण ठरवून दिले होते. मुली सरासरी ३५३ नोंदी करीत. जादा कामाला जादा पैसे नव्हते. मग हे जादा काम कशासाठी? अ‍ॅकरलॉफ यांचे म्हणणे असे, की ती एक प्रकारची भेट होती. कामगारांनी ठरल्यापेक्षा अधिक द्यावे, कंपनीने अटीतटीला येऊ नये, आपल्यातल्या मंद हाताच्या मुलीला सांभाळून घ्यावे, असा न लिहिलेला देवघेवीचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालू होता.

कंत्राटी पद्धत या देवघेवीच्या मुळावर घाव घालते. सरकारी दवाखान्यात रात्री थांबून संगणकावर नोंदी पुऱ्या करणारी मुलगी ही भेट कोणाला देते? दवाखान्याला म्हणावे, तर दवाखान्याच्या लेखी ती तेथे नोकरीला नाही. ठेकेदाराला म्हणावे, तर त्याने तिला पाहिलेलेही नसते. त्याला डोकी मोजून बिल मिळते. देणारा हात आहे, घेणारा मात्र कागदावर सापडत नाही. कंत्राटी माणसे “आपले समजून काम करीत नाहीत” अशी तक्रार अधिकारी करतात, तेव्हा त्यांना विचारावेसे वाटते की आपले समजावे असे तुम्ही काय ठेवले आहे?

येथे कोणी म्हणेल, जुन्या काळी आपल्या गावगाड्यात करारही नव्हता आणि नाते मात्र जिव्हाळ्याचे होते. या आठवणीपासून सावध राहिले पाहिजे. बलुतेदार आणि गाव यांच्यात लेखी काही नव्हते हे खरे. सुगीला खळ्यावर धान्य मिळे, सणाला वाढले जाई, मामा-काका अशी हाकही असे. परंतु काम किती, मोबदला किती, आणि नको असेल तर सोडता येईल की नाही, हे ठरविण्याची सत्ता एकाच बाजूला होती. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यभर झुंज दिली, ते वतन म्हणजे कामाचे तास आणि मोबदला यांची कोणतीही मर्यादा नसलेले “जिव्हाळ्याचे” कंत्राटच होते. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने कायद्याने गेली ती थेट १९५८ साली. हक्कावाचूनचा जिव्हाळा कोठे नेतो, याचा याहून मोठा पुरावा आपल्याला नको आहे.

दुसरा दाखला मुंबईच्या गिरणगावचा. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याला आत घेत, नाही तर तो परत जाई. घ्यावयाचा कोणाला हे जॉबरच्या हातात असे, आणि त्यासाठी जॉबर पैसे खात, हे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशननेही १९३१ च्या अहवालात नमूद केले आहे. जॉबरशी चांगले संबंध याचा अर्थ काय होता हे त्यावरून कळते. परंतु त्याच गिरणगावात दुसरेही एक नाते होते. बदलीवाला आणि कायम साचेवाला एकाच खोलीत राहत, एकाच खानावळीत जेवत, पुष्कळदा एकाच तालुक्यातून आलेले असत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. तो संप कसा संपला हे आपण जाणतो. तरीही कायम कामगाराने बदली कामगाराची मागणी आपली म्हणून मांडली होती, हे आज विसरता कामा नये.

आता व्यवहाराकडे येऊ. पहिली गोष्ट लेखी व्यवहाराची. आपल्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा एक समज आहे. अनुभव उलटा आहे. जी भांडणे सहा महिन्यांनी होतात, त्यांतली बहुतेक पहिल्या दिवशी न विचारलेल्या प्रश्नांतून निघतात. माझे काम कोणते? मला काम सांगण्याचा अधिकार कोणाला? पैसे कोण देणार आणि महिन्याच्या कितव्या तारखेला? रजेचे काय? हे चार प्रश्न नम्रपणे पण पहिल्याच दिवशी विचारावेत, आणि उत्तर तोंडी मिळाले तर “आपण आज सांगितल्याप्रमाणे” अशी सुरुवात करून चार ओळींचे पत्र द्यावे. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि पोच घ्यावी. यात उद्धटपणा काहीही नाही. सरकारी कचेरीत पोच घेतल्यावाचून कागद अस्तित्वात येत नाही, एवढीच गोष्ट आहे.

कायद्याची थोडी माहितीही हाताशी असू द्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतल्या अनेक तरतुदींना आपला विरोध आहे. जेथे ५० पेक्षा कमी कंत्राटी कामगार आहेत तेथील माणसे कंत्राटी कामगारविषयक संरक्षणाबाहेर ठेवणे, हा त्यांतला एक भाग. पण जे पदरात पडले आहे ते वापरावयाचे सोडू नये. नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. कंत्राटी कामगाराने मागितला तर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला दिलाच पाहिजे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, उपाहारगृह यांसारख्या सोयी कंत्राटी कामगारालाही मूळ मालकानेच द्यावयाच्या आहेत. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पगारातून कापले जातात पण खात्यात भरले जात नाहीत, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आपला खाते क्रमांक घेऊन दर महिन्याला फोनवर नोंद पाहण्याची सवय ठेवा, आणि नाव, जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे ना हेही पाहा. एका काना-मात्रेच्या फरकाने माणसाची वर्षे हिशेबातून जातात.

दुसरी गोष्ट साहेबाशी असलेल्या नात्याची. येथे मी एक गोष्ट विशेष करून सांगू इच्छितो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. कंत्राटी माणसाला वेगळ्या रंगाचे ओळखपत्र असते. त्याला बैठकीला बोलावीत नाहीत. साहेब त्याला थेट काम न सांगता मुकादमाकरवी सांगतो. काही ठिकाणी गणवेश वेगळा, जेवणाची जागाही वेगळी. याचे दुःख होते, आणि माणसाला वाटते की साहेब घमेंडखोर आहे. कधी तो असतोही. परंतु पुष्कळदा हे अंतर वकिलाच्या सल्ल्याने आखलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००१ च्या निकालात असे म्हटले की कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. मात्र कंत्राट हा केवळ देखावा आहे असे सिद्ध झाले, तर ते मूळ मालकाचेच कामगार ठरतात. मग देखावा की खरे कंत्राट, हे कशावरून ठरावयाचे? काम कोण सांगतो, देखरेख कोणाची, रजा कोण मंजूर करतो, अशा गोष्टींवरून. म्हणून कागदावर अंतर दिसावे याची काळजी घेतली जाते. कामाला मात्र अंतर परवडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात साहेबच काम सांगत असतो.

हे समजले की दोन गोष्टी होतात. एक तर मनातला निष्कारण कडवटपणा कमी होतो, कारण अपमान व्यक्तीने केलेला नसून व्यवस्थेने आखलेला आहे हे कळते. दुसरे असे, की रोजची एक वही ठेवण्याचे महत्त्व पटते. आज कोणी कोणते काम सांगितले, किती वाजता आलो, किती वाजता गेलो, एवढे दोन ओळींत लिहावे. ही वही कामातही उपयोगी पडते. साहेब विसरला तर तुम्ही आठवण देऊ शकता. आणि वेळ आली तर ती न्यायाधिकरणासमोरही बोलते.

साहेबाशी वागताना माझा सल्ला थोडक्यात असा. जे होणार नाही त्याला हो म्हणू नका. कंत्राट जाईल या भीतीने आपण हो म्हणतो आणि शेवटच्या दिवशी काम अपुरे राहते. तेव्हा जो विश्वास जातो तो परत येत नाही. अडचण दिसताच सांगा, आणि सांगताना पर्यायही सांगा. “शुक्रवारपर्यंत चारही गावांची यादी होणार नाही, दोन गावांची पुरी करून देतो, उरलेली सोमवारी” असे म्हणणाऱ्या माणसाला कोणताही समजूतदार अधिकारी सोडीत नाही. आणि साहेब चुकत असेल तर चारचौघांत न बोलता एकांतात, पण बोला. त्याची लाज राखणे आणि आपले सत्य राखणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

येथे सल्लागार म्हणून काम करणाऱ्यांविषयी थोडे बोलतो. कारण निवृत्तीनंतर मी स्वतः त्यांच्यात गेलो. एका संस्थेने मला बाजार समित्यांतील मजुरीविषयी अहवाल तयार करावयास सांगितले. मी संचालकांशी बोललो, त्यांच्याशीच पत्रव्यवहार केला, अहवाल त्यांच्या हाती दिला. लेखा शाखेत मी कधी पाऊल टाकले नाही. प्राध्यापकाने कारकुनाकडे कशाला जावे, असा माझा गर्व होता, हे कबूल केले पाहिजे. सात महिने पैसे आले नाहीत. मी रागाने तेथे गेलो तेव्हा लेखा शाखेतले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सर, तुमच्या बिलाला कामपूर्तीचा दाखला जोडलेला नव्हता. मी साहेबांकडे दोनदा टिपण पाठवलं. तुमचा पत्ता मला कोणी दिला नाही.” ज्याला मी अडथळा समजत होतो तो माणूस सात महिने माझ्यासाठी टिपणे पाठवीत होता, आणि मला त्याचे नावही माहीत नव्हते. त्या दिवसापासून मी कोठेही काम घेतले की प्रथम लेखा शाखेत जातो, नाव विचारतो आणि बिलाला काय काय जोडावे लागते ते लिहून घेतो. तरुण सल्लागारांना आणखी एक सांगतो. लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याखाली तुमची नोंदणी असेल, तर तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास व्याज लागते. हे भांडणात न सांगता करारातच लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. कायम सहकाऱ्याशी नाते. आपल्याला त्याचा हेवा वाटतो, कारण तेच काम करून त्याला कित्येक पट पगार मिळतो. त्याला आपले भय वाटते, आणि हे आपण लक्षात घेत नाही. त्याला दिसते की निवृत्त होणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जागी एक कंत्राटी माणूस येतो. आपण जितके चांगले काम करतो, तितकी त्याची जागा अनावश्यक ठरते, असे त्याला वाटते. हेवा आणि भय यांच्यात संवाद होत नाही. म्हणून त्याला प्रथम हे पटविले पाहिजे, की आमची मागणी तुमचा पगार कमी करा अशी नसून आमचा तुमच्याएवढा करा अशी आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कायमच्या माणसाच्या चहाड्या साहेबाकडे करून आपले कंत्राट पक्के करण्याचा मोह काहींना होतो. अशा माणसाला साहेबही मनातून जवळ करीत नाही, आणि कठीण प्रसंगी त्याच्यामागे एकही माणूस उभा राहत नाही.

आणि कायम कर्मचाऱ्यांना माझे सांगणे याहून कडक आहे. जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप १४ ते २० मार्च २०२३ या काळात झाला. मागणी न्याय्य होती. पण आपल्याच कचेरीतल्या कंत्राटी सहकाऱ्याला भविष्यनिर्वाह निधीही धड मिळत नाही, याविषयी त्या आठवड्यात आपण किती बोललो? त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय काढला. महाराष्ट्रभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. कंत्राटीकरणाची कुऱ्हाड आपल्या खुर्चीवरही पडते, हे त्या वेळी साऱ्यांना दिसले. आज शेजाऱ्याला आपल्या संघटनेचे सभासदत्व नाकारणारा माणूस उद्या स्वतःची जागा राखू शकणार नाही.

चौथे नाते कंत्राटी कामगारांचे आपसांतले. नूतनीकरणाचा महिना आला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. दहा जागांची आठ होणार अशी आवई उठते, आणि कधीकधी ती मुद्दाम उठविलेली असते. यावर उपाय एकच. कामाची माहिती लपवू नये. आपल्याला येणारे काम दुसऱ्याला शिकविले तर आपली किंमत कमी होईल ही भीती खोटी आहे. एकट्याला मिळालेले पत्र सर्वांना दाखवावे, आणि अर्ज शक्य तो सर्वांच्या सहीने करावा. मुंबईत महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे हेच केले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निर्णय झाला. एवढ्या वर्षांत फुटण्याचे प्रसंग किती आले असतील याची कल्पना करा. एकेका कामगाराने मुकादमाशी चांगले संबंध ठेवून ते मिळाले नसते.

नाते व्यक्तीच्या मर्जीवर न ठेवता नियमांत बसविता येते, याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. हमाल एका मालकाचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून कायद्याने मंडळ निर्माण केले. मालकाची आणि कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळाकडे, आणि तिच्यावर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत. काम अनेकांचे असले तरी सुरक्षा एकच. हा कायदा आज अनेक मार्गांनी दुबळा केला जात आहे हे खरे. परंतु व्यापारी आणि हमाल यांच्यात बरोबरीने बोलणी होऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, संगणकचालक, घरोघर माल पोचविणारी मुले, यांच्यासाठी असे मंडळ का नसावे, ही मागणी आपल्या पुढच्या कामाचा भाग झाली पाहिजे.

शेवटी कंत्राट संपण्याविषयी. ते कधी तरी संपते. त्या दिवशी कडवट होऊन कागद टाकून जाणे सोपे असते. तसे करू नका. कोणते काम कोठपर्यंत आले, कोणती नस्ती कोणाकडे आहे, याचे एक पान लिहून मागे येणाऱ्यासाठी ठेवा. तो तुमच्यासारखाच एक कंत्राटी माणूस असणार आहे, आणि तुम्ही आलात तेव्हा तुमच्यासाठी कोणी असे पान ठेवले नव्हते. अनुभवाचा दाखला मागून घ्या, उरलेल्या पैशांचा हिशेब लेखी घ्या, आणि ज्यांनी मदत केली त्यांचा, शिपायासकट, निरोप घ्या.

माझ्या अध्यापिकेची गोष्ट अर्धी राहिली. शिपायाने सांगितल्यावर मी चहाच्या वर्गणीत त्यांचे नाव घातले आणि मोठे काही केल्यासारखा त्यांना सांगावयास गेलो. त्या म्हणाल्या, “सर, वर्गणी मी देईन. पण त्याआधी माझं चार महिन्यांचं मानधन अडलं आहे, त्या कागदावर तुमची सही हवी आहे.” तो कागद माझ्याच टेबलावर पंधरा दिवस पडून होता. चहा आणि सही यांतले आधी काय, हे त्यांना मला शिकवावे लागले.

येथे जमलेल्यांत कायम नोकरीतले साथीही आहेत. उद्या कामावर गेल्यावर आपल्या टेबलावर कोणाचा कागद अडून पडला आहे, तो आधी पाहा. आणि मग चहाच्या वर्गणीची यादी मागवा.